भिंतीतलं दार

लातूरच्या आमच्या घरात एक दार आहे, ते उघडलं की दिसतच नाही. सरकवलं की भिंतीच्या पोटात जातं. बाथरूमला पल्ला उघडायला जागाच उरली नव्हती, म्हणून मिस्त्रींनी काढलेली ही युक्ती. गावाकडून आलेले मामा पहिल्या दिवशी ते दार ढकलत बसले होते. "उघडंना की ओ!" आईनं जाऊन दोन बोटांनी सरकवलं, तर मामा आत जायचं सोडून भिंतीकडंच बघत राहिले.

यंदा हे दार बिघडलं. निम्म्यात अडायचं, पुढचं टोक फरशीला घासायचं. लावलं तर वर चौकटीला टेकलेलं आणि खाली बोट जाईल एवढी फट. बाथरूमच्या दाराला फट म्हणजे पाहुण्यांसमोर शोभाच. मी ट्रॅकमध्ये खोबरेल तेल सोडलं. दोन दिवस दार लोण्यासारखं चाललं. मग तेलावर धूळ बसून काळा चिखल झाला आणि दार पहिल्यापेक्षा जड.

मिस्त्री आले. दाराआधी त्यांनी भिंतीकडं पाहिलं.

"मालक, हे कॅलेंडर कुणी लावलं?"

मीच. तिथं विटा नाहीत, 12 मिलिमीटरची प्लाय आहे. खिळा दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटर. उरलेला खिळा कुठं गेला, हा हिशोब आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेल्या मला सुचला नव्हता. दाराच्या अंगावर मात्र तो उमटला होता, पट्टी लावून ओढल्यासारखी एक सरळ पांढरी रेघ. दार अडतं म्हणून आम्ही हिसके देत गेलो, आणि हिसक्यांनी पुढच्या चाकाचा नट ढिला केला.

खिळा निघाला. "हे दार उभं नसतंय, लटकलेलं असतंय," मिस्त्री म्हणाले. वर दोन चाकं, प्रत्येकाला एक बोल्ट. त्यांनी लहान पाना घातला, पुढचा नट अर्धा फेरा आवळला, दार लावलं, मागं सरून एक डोळा मिटून पाहिलं. परत अर्धा फेरा. पाणसळ पिशवीतच राहिली. चौकटीजवळची फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली, की त्यांच्या लेखी दार ओळंब्यात.

मला आजोळचा वाडा आठवला. तिथलं दार भिंतीत जात नव्हतं, पण अडसर जायचा. दोन हात जाडीच्या भिंतीत भोक, त्यात तो अख्खा लाकडी सोट दिवसभर झोपलेला. दिवेलागणीला आजी तो ओढायची तेव्हा वाडा घसा खाकरल्यासारखा वाजायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. आमच्या वाड्याला नुसत्या भेगा गेल्या, पण आजोबांनी तो उतरवला. अडसराचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

मिस्त्रींनी चौकटीची एक पट्टी काढून दार खालून बाहेर ओढलं होतं. भिंतीतली अंधारी खाच उघडी पडली. आत धुळीत काहीतरी चमकलं, म्हणून मी हात घातला.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "हात नको घालूस रे आत, विंचू असंल!"

तिसऱ्या मजल्यावर. मी मुकाट्यानं बॅटरी आणायला गेलो.