चैत्रात गडाला पायी जाताना

खानदेश हे सप्तशृंगी मातेचं माहेर. त्यामुळे रामनवमी ते चैत्र पौर्णिमा इकडचे रस्ते भगव्या निशाणांनी भरतात. धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी असं चालत गेलं की गडापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या वर वाट होते आणि पारा चाळिशीच्या पुढे असतो. आईवर भरवसा हवाच, पण तिनं दिलेलं शरीर सांभाळणं हाही त्या भक्तीचाच भाग आहे, असं आम्ही मानतो.

पहाटे तीनला निघावं, नऊच्या आत सावली गाठावी. ऊन कलल्यावर, पाचनंतर, पुन्हा चालावं. हायवेला उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरचं वाहन दिसतं. पहिल्या आणि शेवटच्या माणसाकडे बॅटरी हवीच. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असल्यानं ती मऊ राहते. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावं. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी बरळू लागलं किंवा अंग तापून भोवळ आली, तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा आणि लगेच दवाखाना गाठा. अशा वेळी अंगारा लावून थांबायचं नाही.

फोड येतात ते बहुतेक ओल्या मोज्यांमुळे. घामानं कातडी मऊ पडते आणि घासते. दर मुक्कामाला पाय धुऊन कोरडे करा, फोडाची साल काढू नका. चप्पल-बूट महिनाभर वापरलेले असावेत. अनवाणीचा नवस असेल तर भर दुपारच्या डांबरावर तो फेडू नये. रात्रीच्या टप्प्यात फेडला तरी आई पावतेच.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. पिंढऱ्या दगडासारख्या होतात आणि मन ‘अजून किती उरलं’ याचा हिशोब मांडायला लागतं. पाय थकण्याआधी माणूस तिथेच खचतो. अशा वेळी आम्ही सगळ्यांत मागे पडलेल्याच्या हाती निशाण देतो आणि त्याला पुढे घालतो. चाल आपोआप त्याच्या बेताची होते, मागून ‘उदे गं अंबे उदे’ सुरू होतं, श्वास त्या ठेक्यावर बसतो. निशाणाची काठी धरलेला माणूस, मग तो कितीही दमलेला असो, पाठ ताठ करूनच चालतो. आपल्यामुळे निशाण थांबू नये, एवढंच त्याच्या मनात उरतं.

नांदुरीहून घाट चढताना पावलं आखूड टाका. चतुर्दशीच्या रात्री शिखरावर दरेगावच्या गवळ्यांच्या मानाचा ध्वज लागतो, तेव्हा गर्दी अफाट असते. म्हातारी माणसं आणि लेकरं सोबत असतील तर दर्शन आदल्या दिवशीच उरकावं. गुडघे चढताना नाही, उतरताना धरतात. म्हणून आधाराची काठी उतरण संपेपर्यंत टाकू नका.