फोडणीच्या आधी

आमच्या पाच लिटरच्या कुकरात तळाला पाणी, पाण्यात पिळून झालेल्या लिंबाची फोड, वर डाळीचा डबा, त्यावर भाताचा, आणि भातावर झाकलेल्या ताटलीत एक बुटकी स्टीलची वाटी. लिंबाची फोड कुकर आतून काळा पडू नये म्हणून. पाण्यातल्या क्षारांनी ॲल्युमिनियम काळवंडतं, थोडं आंबट असलं की ते टळतं. वाटी माझ्या माहेरची. तिच्यावर आईचं नाव कोरलेलं आहे, घासून घासून अर्धं पुसलेलं. पूर्वी त्या वाटीत आम्ही मीठ ठेवायचो. २०२३च्या मे महिन्यात मीठ बरणीत गेलं आणि वाटी कुकरात चढली.

तेव्हा लेक सहा महिन्यांची झाली होती. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत मी कामावर गेले होते, त्यामुळे कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि डॉक्टरांनी सांगितलेले 'फक्त अंगावरच्या दुधाचे' सहा महिने एकाच आठवड्यात संपले. पुढचे सहा महिने मी बिनपगारी रजा घेतली. म्हणजे ज्या दिवशी घरात एक खाणारं तोंड वाढलं, त्याच दिवशी एक पगार थांबला. फ्लॅटच्या हप्त्याला मात्र बाळ झाल्याचं काही कौतुक नव्हतं.

त्याआधी उष्टावणावरून थोडी ताणाताणी झाली. मुलींचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून सासूबाईंच्या मनात पाचवा होता. डॉक्टर सहा महिने पुरे झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही देऊ नका म्हणत होत्या. मी दोघींच्या मध्ये. शेवटी सासूबाईंनीच बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "अगं, सहा पुरे झाले म्हणजे सातवा लागलाच की!" धर्मही राहिला, डॉक्टरही राहिल्या. माझा भाऊ आला, त्याने चांदीच्या वाटीतली तांदळाची खीर बोटाने तिच्या ओठाला लावली. साखर न घातलेली, त्यामुळे उरलेली पातेलंभर खीर संपवताना पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मामाने तर वाटीत गुपचूप गूळ मागून घेतला.

मग रोजचं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मी बाजारातला बाळाच्या तयार खाण्याचा डबा आणला होता. तो संपायच्या आत किंमत वाचली आणि हिशेब केला, तेवढ्या पैशांत चारेक किलो नाचणी येत होती. सासूबाई हे डबा आणला त्या दिवसापासून सांगत होत्या, पण सासूबाईंचं बरोबर असतं हे कळायला सुनेला आधी पैसे घालवावे लागतात.

पहिलं आलं ते खिमट. नवऱ्याने मार्केट यार्डातल्या भुसाराच्या दुकानातून आंबेमोहोर आणला, पण अख्खा नाही, कणी. अख्ख्या तांदळापेक्षा कणी स्वस्त, वास तोच, आणि बाळासाठी तर उलट बरी, कारण भरडायचीच असते. दोन वाट्या कणी, एक वाटी मूगडाळ. दोन्ही धुऊन सासूबाईंच्या जुन्या सुती साडीवर हॉलमध्ये पंख्याखाली पसरायचं. पूर्ण सुकलं की मंद आचेवर भाजायचं. डाळीचा खमंग वास आधी येतो, तांदूळ मागून पांढराफटक होऊन फुलतो. डाळीचा वास आला म्हणून गॅस बंद केला तर तांदूळ कच्चा राहतो, आणि तांदळाची वाट पाहिली तर डाळ करपते. म्हणून दोन्ही वेगवेगळं भाजायचं. हे मला पहिला घाणा करपवल्यावर समजलं. शेवटी चिमूटभर जिरं, आणि मिक्सरला एकच फेरा, रव्याइतकी भरड होईल असा. शिजवताना आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. वर अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केला तर चटकन ओघळू नये इतपत दाट. पातळ दिलं की पोट पाण्यानेच भरतं, हे डॉक्टरांचं म्हणणं, आणि सासूबाईंचंही, फक्त त्या त्याला 'नुसतं पाणी पाजताय पोरीला' असं म्हणायच्या.

त्या वर्षी नाचणीला फार बरे दिवस आले होते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष, अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी-बाजरी-नाचणी 'श्री अन्न' झाली होती, आणि दुकानात तिची चकचकीत पाकिटं लागली होती. टीव्हीवर ते ऐकून सासूबाई हसल्या. त्यांच्या लहानपणी मावळातल्या आजोळी नाचणीची भाकरी ही पाहुण्यांसमोर झाकून ठेवायची गोष्ट होती. आम्ही सत्त्व घरीच केलं. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची, बारीक पांढरे मोड आले की सुकवायची, हलकी भाजायची, दळायची, आणि पातळ कापडातून वस्त्रगाळ करायची. मोडांचा खटाटोप उगाच नाही. मोड येताना धान्यात स्टार्च फोडणारी विकरं तयार होतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर चिकट आणि जड होत नाही. बाळाचं पोट ते केवढं, त्यात जितकं मावेल तितकं कसदार हवं. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू या बाबतीत तिच्या जवळपासही येत नाहीत.

पण खिमट आणि सत्त्व ही फक्त सुरुवात. खरी काटकसर सुरू झाली ती सासूबाईंच्या एका प्रश्नापासून, जो मग वर्षभर दिवसातून दोनदा ओट्यापाशी विचारला गेला. "बाळाचं काढलं का?"

मोहरी तडतडायच्या आधी, मीठ पडायच्या आधी, डावभर वरण त्या वाटीत काढायचं. वर्षाच्या आत मीठ नाही, साखर नाही, मध तर अजिबात नाही. मधावरून सासूबाई पहिल्यांदा गप्प झाल्या, कारण त्यांच्या काळात घुटी मधात उगाळत. मधातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी मधाची बाटली स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. तर डावभर वरण काढलं, त्यात मऊ भात कुस्करला, वाटीत वाफवलेलं गाजर मिसळलं, लिंबाचे दोन थेंब पिळले, म्हणजे डाळीतलं लोह अंगी लागतं. तिचं जेवण झालं. वेगळं पातेलं नाही, वेगळा गॅस नाही. मग मागे राहिलेल्या वरणावर आम्ही हिंग, मिरची, कढीपत्ता घालून आमचं जेवण करायचो.

यात एक गंमत आहे जी मला आधी दिसली नव्हती. बाळाला लागतात लाल भोपळ्याच्या दोन फोडी. दोन फोडी कुणी विकत नाही. पाव किलोची चीर घ्यावीच लागते. म्हणजे आज बाळाला भोपळा, तर आम्हाला संध्याकाळी भोपळ्याचं भरीत, उद्या उरलेल्याचे घारगे, आणि सालीची तीळ घालून चटणी. दुधी आणला की तसंच. रताळं आणलं की एकादशी नसताना कीस. आठवड्याचा स्वयंपाक वयाने सर्वांत लहान आणि दात नसलेल्या माणसाच्या मर्जीवर ठरायला लागला. पूर्वी आम्ही फ्लॉवर, ढोबळी मिरची, मशरूम असलं काय काय आणून फ्रीजमध्ये वाळवायचो. आता फ्रीजचा खालचा ड्रॉवर रविवारी रिकामा दिसायचा आणि मला त्या रिकाम्या ड्रॉवरचा विचित्र अभिमान वाटायचा.

भाजी नवरा आणायचा, शनिवारी संध्याकाळी, मंडईतून. आम्ही राहतो पुण्यात, सिंहगड रस्त्याला. दाराशी हातगाडी येते, मॉल आहे, मोबाईलवर दहा मिनिटांत भाजी येते. तरी तो पीएमपीच्या बसने स्वारगेटला उतरून चालत जायचा. तेव्हा मंडईखाली मेट्रो आली नव्हती. १८८६ सालची ती अष्टकोनी दगडी इमारत, आत चढत्या ओट्यांवर बसलेले गाळेवाले, बाहेर जमिनीवर वाटे मांडलेले. दिवेलागणीनंतर वाट्यांचे भाव उतरतात, पालेभाजीच्या जुड्यांचे तर फारच. एका मावशींना त्याने बाळाबद्दल सांगितलं असावं, कारण त्या दर खेपेला पालकाच्या जुडीवर मूठभर चाकवत टाकायच्या, 'पोरीला' म्हणून. बसचं भाडं धरलं तर त्यात बचत किती व्हायची हा प्रश्न मी एकदाच विचारला. उत्तरादाखल त्याने चाकवत दाखवला. खरं कारण मला माहीत आहे, आठवड्यातले ते दोन तास त्याला कुणी 'जरा हिला धर' म्हणत नव्हतं.

जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला. आमसूल आणि चिंच होतीच, त्यामुळे आमटीचं काही अडलं नाही. पण त्याच महिन्यात अधिक श्रावण लागला आणि माझ्या आईने जावयासाठी तेहतीस अनारसे पाठवले. शिवाय चांदीचं निरांजन. घरात सालींच्या चटण्या चाललेल्या आणि डब्यात तुपात तळलेले अनारसे! आम्ही ते रोज एक-एक असे पुरवून खाल्ले आणि तळाला उरलेली खसखस मी आमटीच्या वाटणात घातली. आईला हे सांगितलेलं नाही.

सगळंच काही साधलं नाही. ऑगस्टच्या दमट हवेत दीड किलो नाचणीला मोडांऐवजी बुरशी आली, सगळी टाकावी लागली. आणि एकदा मी सकाळचं खिमट, थोडंसंच उरलेलं, संध्याकाळी गरम करून दिलं. ते दिवसभर ओट्यावरच होतं. रात्रभर उलट्या. डॉक्टर रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "किती रुपयांचं होतं?" मी हिशेब केला नाही. त्यानंतर घरात नियम झाला, तिचं तिथल्या तिथे करायचं, तिथल्या तिथे संपवायचं. शिळं सगळं आमच्याकडे. शिळ्या पोळीचा फोडणीचा कुस्करा, शिळ्या भाताला दही-मिरची, आणि तूप कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी. बेरीवर साखर भुरभुरून खाणं ही काटकसर आहे की चैन, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, चैन. म्हणूनच बहुतेक ती मी एकटीच, तो ऑफिसला गेल्यावर खायचे.

आणि तिथल्या तिथे संपवायचं म्हणजे कुणी? बाळाच्या ताटलीत दोन चमचे उरायचेच. गाजर थुंकलेलं, भात गालाला फासलेला, वरण टेबलावर. ते टाकवत नाही. मी खायचे. दिवसातून तीनदा, दोन-दोन चमचे, वर तूप. उष्टावण तिचं झालं, उष्टं मात्र माझ्या वाट्याला आलं, आणि वर्ष संपताना तिच्याइतकंच माझंही वजन वाढलं होतं, टक्क्यांत नाही, किलोंत. सासूबाई हे बघून एकदा म्हणाल्या, "मीही असंच केलं याच्या वेळी." मग नवऱ्याकडे बघून, "हा तर कमी सांडायचा." तो काही बोलला नाही.

आता ती शाळेत जाते, छोट्या गटात. मी कामावर परत जाऊन बराच काळ झाला. हप्ता अजून आहे. फोडणीच्या आधी डावभर वरण बाजूला काढायची हाताची सवय मात्र गेलेली नाही. गेल्या आठवड्यात असंच काढलं, आणि मग लक्षात आलं की आता हे कुणासाठी. वाटी ओट्यावरच राहिली. लेक स्टुलावर चढली, वाटीत डोकावली, नाक मुरडलं.

"हे बाळाचं आहे," ती म्हणाली, आणि आपली ताटली पुढे केली. "मला फोडणीचं दे. मिरची पण."

मी तिला वाढलं. मग वाटीतलं वरण गार व्हायच्या आत, लिंबू पिळून, तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.