बुलपप रायफली अमेरिकेत का खपत नाहीत?

हे डावखुऱ्या माणसाला विचारावं. मी डावखुरी आहे, उंची जेमतेम पाच फूट, आणि पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्लबच्या रेंजवर नवख्यांना शिकवायला उभी असते. रेंजवर जिकडे बघावं तिकडे एआर-15, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या एम-16 रायफलीची नागरी भावंडं. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग किंवा इस्रायलची टेवोर यांसारखी बुलपप मात्र क्वचितच दिसते. दिसली की सगळे कौतुकाने हातात घेऊन बघतात, दोन-चार गोळ्या झाडतात आणि परत आपापल्या एआरकडे वळतात. टेवोर विकणाऱ्या कंपनीची अमेरिकन शाखा आमच्याच राज्यात, हॅरिसबर्गजवळ आहे, तरीही हे असंच.

बुलपप म्हणजे अशी रायफल, जिच्यात मॅगझिन आणि बोल्ट (गोळी नळीत सारणारा सरकता भाग) चापाच्या मागे, थेट खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातच बसवलेले असतात. याचा फायदा खरा आहे. ऑगची नळी 508 मिलिमीटरची, पण अख्ख्या रायफलीची लांबी 790 मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्याच नळीची एम-16 मीटरभर लांब भरते. चिलखती गाडीच्या दारातून उडी मारणाऱ्या सैनिकाला ही वाचलेली वीत फार मोलाची असते. म्हणूनच सत्तर-ऐंशीच्या दशकांत ऑस्ट्रियाने ऑग, फ्रान्सने फामास आणि ब्रिटनने एसए-80 स्वीकारली. आपल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंच्या हातातली टेवोरही याच जातीची.

अमेरिकेतल्या कायद्याकडे पाहिलं तर बुलपप इथे हातोहात खपायला हवी होती. 1934 च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याप्रमाणे रायफलीची नळी किमान 16 इंच आणि एकूण लांबी किमान 26 इंच लागते. त्याहून आखूड हवी असेल तर सरकारदरबारी वेगळी नोंदणी आली. 2013 साली इथे विक्रीला आलेली टेवोर एसएआर साडेसोळा इंची नळी घेऊन 26 इंचांच्या मर्यादेला अगदी खेटून बसते. म्हणजे कायद्यात बसणारी सर्वात आटोपशीर रायफल. कागदावर तिच्यात खोट काढायला जागा नाही.

पण रायफल कागदावर चालत नाही. चाप ओढला की लगेच कळतं.

एआरमध्ये चाप आणि हॅमर, म्हणजे गोळी पेटवणारा घाव घालणारा भाग, एकाच कप्प्यात, एकमेकांना लागून असतात. बोटाने दाब वाढवत नेला की एका ठरावीक जागी काच तुटावी तसा खटका सुटतो. बुलपपमध्ये चाप पुढे, हॅमर मागे दस्त्यात आणि दोघांना जोडणारी लांब दांडी मध्ये. मी नोकरीत दिवसभर सुट्या भागांची मापं तपासते, त्यामुळे हे मला फार जाणवतं. जितके सांधे जास्त, तितकी प्रत्येक सांध्यातली किंचित ढिलाई एकमेकींत मिसळत जाते. बोट मागे येतं, काहीतरी दबल्यासारखं वाटतं, पण गोळी नेमकी कधी सुटणार याचा अंदाज लागत नाही. तीस-चाळीस फुटांवर कमरेएवढ्या निशाण्यावर गोळ्या झाडणाऱ्या सैनिकाला याने फारसं बिघडत नाही. शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसवायच्या म्हणून सकाळी उठून रेंजवर आलेल्या माणसाचा मात्र सगळा आनंदच या खटक्यात असतो. टेवोरसाठी दुसऱ्या कंपन्यांनी चांगले ट्रिगर काढले, पण आधीच महाग रायफल, त्यात आणखी काहीशे डॉलर!

मग येतो चेहऱ्याचा प्रश्न. ऑगमधून रिकामी पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते आणि ती खिडकी नेमकी तुमच्या गालाशी असते. उजव्या खांद्यावर रायफल असेल तर पुंगळी तुमच्यापासून लांब उडते. डाव्या खांद्यावर घेतलीत तर तापलेलं पितळ थेट तोंडावर. डावखुऱ्यांसाठी वेगळा बोल्ट मिळतो, हे खरं. तो बसवला की घरातल्या उजव्या हाताच्या माणसाने ती रायफल वापरायची नाही. एआरची खिडकी चेहऱ्याच्या पुढे असते, आणि एम-16ए2 पासून तिच्यामागे एक लहानसा उंचवटा दिलेला आहे, त्यावर आपटून पुंगळी दुसरीकडे उडते. ए2 सैन्यासाठी झाली, पण त्या एवढ्याशा गाठीने डावखुऱ्या गिऱ्हाइकांची केवढी सोय केली!

ब्रिटिश सैन्यात एसए-80 डाव्या खांद्यावरून चालवता येत नाही, म्हणून डावखुऱ्या सैनिकांनाही उजव्या खांद्यावरून नेम धरायला शिकवतात. सैन्यात हुकूम चालतो. दुकानात कुणाचा हुकूम चालणार? सैन्याने शेकडो गोष्टींचा हिशेब करून निवडलेली रायफल सैनिकाच्या हाती येते. इथे पदरचे पैसे मोजणारा माणूस पहिल्यांदा आपल्या खांद्याला काय बसतंय ते बघतो. बुलपपची सगळी गोची मला इथेच दिसते.

दस्त्याचंही तेच. बुलपपच्या दस्त्यात बोल्ट फिरत असल्यामुळे तो एआरसारखा आत-बाहेर सरकवता येत नाही. टेवोर एसएआर खांद्याला लावली की माझा हात चापापर्यंत ताणला जातो. मी नेमबाजी शिकले कोल्हापुरात, .22 रायफलीवर, आणि तिथे पहिले कित्येक दिवस फक्त गालपट्टी आणि खांद्याची पट्टी जुळवण्यात गेले होते. स्वप्नील कुसळेने पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारातली रायफल नीट बघा. गुडघ्यावर, आडवं पडून, उभं राहून, प्रत्येक वेळी ती नेमबाजाच्या अंगाला नव्याने जुळवून घेता येते. त्या तालमीतून आलेल्या माणसाला बुलपपचा एकच एक दस्ता पटणं कठीण.

एआर पुढे गेली त्यात नशिबाचाही भाग आहे. एआरचा रचनाकार यूजीन स्टोनर, त्याच्या रचनेचं पेटंट 1977 मध्ये संपलं आणि कुणालाही तिचे भाग बनवायची मुभा मिळाली. आज साधी एआर पाच-सहाशे डॉलरला मिळते, ऑग आणि टेवोर दोन हजारांच्या घरात. त्यात लष्करी धाटणीच्या परदेशी रायफलींवरच्या 1989 च्या आयातबंदीने ऑगचा रस्ता अडवला. त्याच नियमांत बसवण्यासाठी जर्मन सैन्याच्या जी36 रायफलीवरून एसएल8 नावाची करड्या रंगाची, अंगठ्याला भोक असलेल्या दस्त्याची, दहा गोळ्यांच्या मॅगझिनची रायफल काढली गेली. मूळ रायफलीत लोकांना जे आवडायचं, नेमकं तेच तिच्यातून गेलं होतं.

एआरचा खप म्हणजे तिच्यातलं सगळंच चांगलं, असं मी मुळीच म्हणत नाही. सँडी हूक (2012) आणि युव्हाल्डी (2022) इथल्या शाळांमधल्या गोळीबारांत याच जातीच्या रायफली वापरल्या गेल्या. नवख्या माणसाशी मी रायफलीच्या मॉडेलबद्दल बोलायच्या आधी कुलपाच्या तिजोरीबद्दल बोलते, आणि तिजोरी नसेल तर पुढचं बोलणं होत नाही.

आता तर सैन्यंही बुलपपपासून दूर जाताहेत. फ्रान्सने फामास सोडून एचके416 घेतली, न्यूझीलंडने ऑगऐवजी एआर घराण्यातली रायफल निवडली, चीनची 2019 च्या संचलनात दिसलेली नवी रायफलही बुलपप नाही. ऑस्ट्रेलिया अजून ऑगच्या सुधारित आवृत्तीवर ठाम आहे.

इतकं असूनही कुणाला बुलपप घ्यायचीच असेल, तर दुकानात तिची छायाचित्रं बघत बसू नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या, दुकानदाराला विचारून ती सुरक्षित दिशेला धरा आणि खांद्याला लावा. मॅगझिन काखेजवळ न बघता काढता-घालता येतं का बघा. थंडीचा जाड कोट घालून हेच परत करा, कारण आमच्याकडे अर्धं वर्ष कोटातच जातं. डावखुरे असाल तर केल-टेक कंपनीची आरडीबी जरूर हाताळा. तिची पुंगळी खाली पडते, त्यामुळे कुठल्याही खांद्यावरून ती सारखीच चालते. माझ्या हाताला बसलेली बुलपप आजवर हीच एक.