पालकसभेत भाषण नको, हजेरीपट उघडा

सहावी ते आठवीची शाळा सुधारायची तर पालक आणि शिक्षकांनी दर महिन्याला एकच गोष्ट हातात घ्यावी आणि पुढच्या महिन्यात ती झाली की नाही हे दोघांनी मिळून तपासावं. बाकीचं सगळं याच्या मागून येतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी सभेची वेळ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत सकाळी अकराची सभा ठेवली की खुर्च्या रिकाम्या राहतात. त्या वेळी आई विडी कारखान्यात माल द्यायला गेलेली असते, नाहीतर मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांचा आकडा गाठायच्या मागे असते. वडील यंत्रमागावर दिवसपाळीला असतात किंवा रातपाळी करून झोपलेले असतात. मग ‘पालकांना आस्थाच नाही’ असा शेरा इतिवृत्तात पडतो, आणि तो अन्यायाचा आहे. जूनमध्येच प्रत्येक घराला सोयीची वेळ विचारून वर्गशिक्षकांनी वहीत लिहून ठेवावी. एकाच विषयाची सभा दोन वेळा घ्यावी, एक संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ती ताणू नये.

निरोपाचंही तसंच. व्हॉट्सॲपवर मराठीत लांबलचक सूचना टाकली जाते, पण फोन मोठ्या मुलाच्या खिशात असतो आणि घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. त्याच भाषेतल्या एखाद्या आईच्या आवाजात मिनिटभराचा निरोप पाठवला तर तो ऐकला जातो.

सभेत पहिली वीस मिनिटं हजेरीपट. मुलांची नावं सगळ्यांपुढे वाचायची नाहीत, फक्त नमुना दाखवायचा: कोणत्या वारी गैरहजेरी वाढते, मुलींची किती, मुलांची किती. बाजारच्या दिवशी मुलगे कमी होतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, सगळेच कमी होतात, पण ते आठवड्याभरात परत येतात, त्याची फार चिंता नको. काळजी करावी ती महिन्यातून चार-पाच दिवस ठरावीक अंतराने न येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलींची. त्यामागे बहुधा पाळी आणि शाळेतलं स्वच्छतागृह असतं. सलग न येणारी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते आहे का, घरात विडीची पानं कापायला बसली आहे का, हे गल्लीतल्या बाईला शिक्षकांच्या आधी कळतं. म्हणून आठ-दहा मुलांमागे त्याच गल्लीतली एक पालक नेमावी. दुसऱ्या तासाच्या आत वर्गशिक्षकांनी तिला त्या दिवशी न आलेल्या मुलांची नावं कळवायची. तिने घरी जाऊन तीनच प्रश्न विचारायचे: बरं नाही का, घरी काम आहे का, शाळेत कुणाची भीती वाटते का. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही. इथेच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. जाणारी व्यक्ती घरच्यांना सुनावून येते आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर ते गल्लीत न बोलता थेट मुख्याध्यापकांना सांगायचं.

आता स्वच्छतागृह. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. दीडशे मुलांना प्रत्येकी पाच लिटर धरले तरी दिवसाला साडेसातशे लिटर लागतं. म्हणजे चार शाळेच्या दिवसांसाठी तीन हजार लिटरची साठवण हवी. हजार लिटरची एक टाकी असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपासून स्वच्छतागृह कोरडं, आणि मग ते घाण होतं म्हणून कुलूप लागतं. कुलूप काढायचा ठराव करून उपयोग नाही, आधी टाकी वाढवावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन पालक महिलांनी महिन्यातून एकदा स्वतः आत जाऊन पाहावं: आतून कडी लागते का, दिवा आहे का, बादली-मग आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, किल्ली कुणाकडे असते. कडीची किंमत फार नाही, पण ती नसेल तर मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही.

पैसा कुठून? केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार शंभर ते अडीचशे पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान असतं, आणि त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. ते पैसे उशिरा येतात, म्हणून खर्चाचा प्राधान्यक्रम आधीच ठरलेला हवा. नाहीतर मार्चअखेर रंगरंगोटीत सगळं संपतं.

वाचनाचं काम मुख्यतः शिक्षकांचं, पण पालकांशिवाय ते टिकत नाही. सहावीत आलेलं मूल दुसरीचा उतारा अडखळत वाचतं, हे लपवण्यात कुणाचंच भलं नाही. आठ-दहा ओळींचा उतारा आणि एक अंकी भाजकाचा भागाकार घेऊन प्रत्येक मुलाला एकेकटं बसवा. दोन-दोन मिनिटं धरली तरी पस्तीस मुलांचा वर्ग दोन-तीन तासिकांत होतो. मग रोज एक तासिका इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करावेत. घरी मुलाने दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि काय वाचलं ते आईला तिच्या भाषेत सांगायचं. आईला अक्षरओळख नसली तरी चालतं. गोष्ट समजली की वहीत तिने फुली मारायची. आठवड्यात एकही फुली नसेल तर शिक्षकांनी मुलाला दरडावून विचारू नये, घराशी बोलावं.

पोषण आहाराची तपासणीही चवीपुरती नसावी. सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम डाळ ठरलेली आहे. 120 मुलं हजर असतील तर 18 किलो तांदूळ, 3 किलो 600 ग्रॅम डाळ. पाळीने येणाऱ्या पालकाने शिजवण्याआधी वजन पाहावं. शिजल्यावर आमटी बघून डाळीचा अंदाज येत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. अनुदानित खासगी शाळेत ही समिती फक्त सल्ला देते, तिथे संस्थाचालकांना सोबत घ्यावंच लागतं. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहू नका. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपयांत, एवढं लिहा. वर्गातल्या शिकवण्याबद्दलची तक्रार आधी वर्गशिक्षकांकडे, मग मुख्याध्यापकांकडे, शेवटी समितीत. ग्रुपवर ती टाकली की शिक्षक दार लावून घेतात आणि वर्षभराचं काम वाया जातं.

जे समितीच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणजे विज्ञान-गणिताचा शिक्षक नसणं, गळकं छत, ते तीन वर्षांच्या शाळा विकास आराखड्यात घालावं. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. या मागण्यांचं पत्र महापालिकेच्या शाळेचं असेल तर प्रशासनाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेचं असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका आणि आवक क्रमांक इतिवृत्तात चिकटवा.

आठवीच्या पालकांसाठी जूनमध्येच वेगळी बैठक घ्या. एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांसाठी आठवीत होणारी परीक्षा) शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. हुशार मुलं इथे अभ्यासापेक्षा कागदांवर अडतात: उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचं बँक खातं, आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं असणं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या घरांत आडनाव आधी की नाव आधी यावरून कागदोपत्री तफावत पडू शकते. ती जूनमध्ये सापडली तर दुरुस्तीला वेळ मिळतो, अर्ज भरायच्या आठवड्यात सापडली तर मिळत नाही.