फ्रिजची जागा

फ्रिज दुरुस्तीला गेला त्या दुपारी मला पहिल्यांदाच कळलं की आमच्या स्वयंपाकघरात चांगली सव्वादोन फूट जागा आहे. फरशीवर एक उजळ चौकोन, कडेने धुळीची रेघ, एक वाळलेली मिरची आणि मुलीचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला शार्पनर. ऊन येत नाही. नळ तीन पावलांवर. आणि भिंतीवर, अगदी हवा तिथे, प्लग पॉइंट. मी टेप काढली.

"अहो, फ्रिज परत येणार आहे," बायको म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून सोलकढीसाठी खोबरं वाटत होती. पण टेपचा खर्रकन आवाज तिला पाठमोरीही ओळखू येतो.

"नुसतं मोजतोय."

"मागच्या वेळी पण नुसतंच मोजलं होतं."

मागच्या वेळी म्हणजे बेडरूममधला माशांचा टँक. तो तीन फुटी आहे. 36 बाय 15 बाय 18 इंच, म्हणजे साधारण 160 लिटर. पाण्याचं एक बरं असतं, लिटर तितके किलो. काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरून वजन दोनशे किलोच्या वर जातं. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना मी हा आकडा अजून सांगितलेला नाही.

तर सध्या घरात साडेतीन टँक आहेत. त्यातला एकही मी हौसेने आणलेला नाही, असं म्हटलं तर घरचे हसतात, पण ते खरं आहे. हौसेने आणला तो पहिला, हॉलमधला दोन फुटी. पुढचे माशांनी आणायला लावले. त्या दोन फुटीत आठ चिमुकले निळे-लाल निऑन होते आणि मी त्यांच्यात चार एंजल सोडले. तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते. दुकानदार म्हणाला, चालतात एकत्र. चालले, दसऱ्यापर्यंत. मग आठाचे सहा झाले, सहाचे पाच. मी झाडांमागे, फिल्टरमागे शोधत राहिलो. एका संध्याकाळी एका एंजलच्या तोंडातून निळी-लाल शेपटी लोंबताना दिसली. झालं, एंजलना वेगळा संसार मांडून द्यावा लागला आणि निऑन पुन्हा दहा करावे लागले. त्यानंतर फायटर. दोन नर फायटर एकत्र राहत नाहीत आणि एकट्यालाही शेजार फारसा सोसत नाही, म्हणून त्याला एक फुटी, चपलांच्या रॅकवर. त्याने कालच पाण्याच्या वर कोपऱ्यात फेसाचं घरटं बांधलंय. मादी नाही, काही नाही. बांधून वाट बघतोय.

शौकीन लोकांनी या सगळ्याला मल्टिपल टँक सिंड्रोम असं नावच दिलंय. म्हणजे आजार आहे हे त्यांनाही मान्य आहे. माझा म्हापशाचा एक मित्र आहे, त्याच्याकडे अकरा टँक. त्याचं लग्न झालेलं नाही. आधी काय झालं आणि मग काय, हे मी त्याला विचारलेलं नाही.

एकदा मी बायकोला ऐतिहासिक दाखलाही दिला होता. झान व्हिलप्रो-पॉवर नावाची एक फ्रेंच बाई. 1832 साली तिने सिसिलीत समुद्री जीव पाहण्यासाठी काचेची पेटी करून घेतली. तिला अर्गोनॉट नावाचा एक ऑक्टोपससारखा प्राणी आपलं शिंपलं स्वतः बनवतो की दुसऱ्याचं पळवतो, हे बघायचं होतं. स्वतः बनवतो, हे तिने सिद्ध केलं. पण माझा मुद्दा वेगळाच होता. पेटी तिने एका प्रकारची केली नाही, तीन प्रकारच्या केल्या. म्हणजे सुरुवातच तीनपासून आहे.

"आणि तिचा नवरा?"

"व्यापारी होता."

"मग बरोबर," बायको म्हणाली, आणि दाखला तिथेच संपला.

आईचं म्हणणं अजून सरळ आहे. पहिला टँक आला तेव्हा तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "हांचें हुमण जातलें?" म्हणजे यांचं कालवण होईल का. एंजलना ती पापलेटाचें पील म्हणते. आकार पाहता तिची चूक नाही. जूनच्या 1 तारखेपासून जुलैच्या 31 पर्यंत, मासेमारी बंदीचे 61 दिवस, बाजारात जे मिळतं त्याचा भाव ऐकून ती घरी येते आणि खुर्ची ओढून एंजलसमोर बसते. काही बोलत नाही. मी त्या दिवसांत बेडरूमचं दार लोटून ठेवतो. पण मॉली पाळत होतो तेव्हा तिनेच मदत केली होती. आमच्याकडचं जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ, मॉलीला जड पाणी लागतं. आई तिसऱ्यांचं सुकं करायची आणि शिंपल्या उकडून, वाळवून मला द्यायची. मी त्या फोडून फिल्टरमध्ये घालायचो. मॉली खूश. "तुझें नुस्तें आमचें उश्टें खाता," तुझे मासे आमचं उष्टं खातात, असं ती शेजारणीला सांगायची, म्हणजे सांगायची मला, पण शेजारणीकडे बघून.

एका सोमवारी तिला नागेशीच्या देवळात घेऊन गेलो होतो. तळीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की खाली माशांची गर्दी दिसते. एका ठरावीक जागेवरून गाभाऱ्यातल्या समयांचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं म्हणतात, मी दर वेळी शोधतो, दर वेळी मासे आडवे येतात. आई म्हणाली, "हांगा पळय रे. फुकट."

हे तिला कुठून कळलं असेल, की मला कुठेतरी उभं राहून बघणं एवढंच हवं असतं? पण मग तळी पुरायला हवी होती. पुरत नाही.

आजोळी सावईवेऱ्याला कुळागर होतं, म्हणजे पोफळींची बाग. मे महिन्यात आजोबा संध्याकाळी पाटाचं तोंड उघडायचे, फावड्याने माती ओढून, आणि पाणी पोफळींच्या बुंध्यांकडे सरसरत जायचं. त्याच्यापुढे वाळलेली पानं, मुंग्या, एखादी सुपारी. आणि पाण्याबरोबर मासे. बोटाच्या दोन पेरांएवढे, कपाळावर पांढरा चमकता ठिपका असलेले. वरून बघताना मासा दिसतच नाही, फक्त ठिपका सरकतो. मी आणि मामेभाऊ आजीचा पंचा पसरून पकडायचो. एक हॉर्लिक्सची बाटली भरली. मग दुसरी, कारण मामेभाऊ म्हणाला हे दोघे भांडतात. मग तिसरी. आजीने लोणच्याची बरणी द्यायला नकार दिला तेव्हा आम्ही ती न विचारता घेतली. सोप्यावर ओळीने चार. कंदील मागे ठेवला की मासा बाटलीच्या मध्यावर येताना मोठा व्हायचा, चांगला बांगड्याएवढा वाटायचा, आणि काचेच्या कडेला जाता जाता बारीक होऊन नाहीसाच व्हायचा. मग दुसऱ्या कडेने पुन्हा. हे मी किती वेळ बघत असेन कोण जाणे. आजोबा जेवायला हाक मारून मारून थकले आणि शेवटी येऊन शेजारी बसले. म्हणाले, "घर रिकामें करून दिवं रे तुमकां?"

सुट्टी संपली तेव्हा सगळे व्हाळात सोडायला लावले. मी तीन सोडले. एक बाटली मांडीवर धरून बसने फोंड्याला आणली, प्रत्येक वळणाला झाकणावर हात. मासा जिवंत पोचला. पुढे त्याचं काय झालं ते आठवत नाही, आणि आईला विचारायचा धीर होत नाही.

टँकचे सगळ्यात चांगले दिवस म्हणजे मासे यायच्या आधीचे, असं मला अलीकडे वाटू लागलंय. ओपाचं नळाचं पाणी भरायचं, क्लोरीन उडू द्यायचं, चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात आणि दिसत काहीच नाही. मुलगी रोज विचारते, "पपा, मासे कधी?" आणि मी सांगतो, थांब. रोज संध्याकाळी मी त्या नुसत्या पाण्यासमोर चहा घेऊन बसतो. त्यात तेव्हा काहीही येऊ शकतं. एकदा एंजल आले की मग ते एंजलच.

पण फ्रिजचं सांगत होतो. तो माशांमुळेच गेला असं घरात एक मत आहे, ते चूक आहे. पहिल्या पावसात कुठेतरी माड तारेवर पडला आणि रात्री साडेनवाला वीज गेली. मला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज नसल्याने. बेडरूमच्या फिल्टरचं बायकोच्या भाषेत रात्रभर कुणीतरी गुळण्या केल्यासारखं जे चालतं, ते बंद. एंजल वर येऊन तोंडं उघडत होते. अशा वेळी तांब्याने पाणी काढायचं आणि हातभर उंचीवरून परत ओतायचं, म्हणजे थोडी हवा मिसळते. मी ओतत होतो. अडीचच्या सुमाराला बायको उठली, स्वयंपाकघरातून दुसरा तांब्या आणला आणि हॉलमधल्या टँककडे गेली. काही बोलली नाही. फायटरचं काही करावं लागत नाही, तो वरची हवाच घेतो.

थोड्या वेळाने मी टॉर्च घेऊन हॉलमध्ये गेलो. निऑन पांढरे पडले होते. निळी रेघ नाही, लाल शेपटी नाही, नुसते पाण्यात तरंगणारे तांदळाचे दाणे.

"गेले," मी म्हणालो.

"झोपलेत," ती म्हणाली. "रात्री असेच होतात. दहा आहेत, मोजलेत मी."

हे मला माहीत होतं. म्हणजे रात्री निऑनचा रंग उतरतो हे माहीत होतं, तिलाही माहीत आहे हे नव्हतं. ती कधी बघते?

चारच्या पुढे वीज आली ती दणका देऊनच. फिल्टर सुरू झाले, फ्रिजचा आतला बोर्ड उडाला.

राहिला अर्धा टँक. तो बाल्कनीत आहे. पुण्याला बदली झालेल्या एका मित्राने जाताना दिलेला. कोपऱ्यातलं सिलिकॉन मध्यापासून वर सुटलंय, त्यामुळे तो अर्ध्यापर्यंत पाणी धरतो आणि वरचं गळतं. एप्रिलमध्ये बायकोने त्यात सोलं वाळत घातली होती, ती छान वाळली. मग पाऊस आला आणि तो आपोआप अर्धा भरला. परवा आरोग्य खात्याचा मुलगा डासांची तपासणी करत आला, टॉर्च मारला आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं. पाण्यात बारीक वळवळ. म्हणाला, "हे ओतून टाका. नाहीतर गप्पी सोडा, गप्पी खातात अळ्या."

मी तोंड उघडलं नाही. माझा काहीही संबंध नव्हता, सरकारी माणूस बोलत होता. बायको माझ्याकडे बघत होती.

"ओतून टाका," ती मला म्हणाली.

ओतून टाकलं. उपडा घालता येत नाही, सुटलेला कोपरा निखळेल, हे तिला समजावून सांगितलं. फ्रिज गुरुवारी परत आला आणि आपल्या चौकोनात नीट बसला, बाजूला दोन इंच उरले, त्यात काही होणार नाही. शुक्रवारी रात्रभर पाऊस होता. सकाळी बाल्कनीत पुन्हा चार बोटं पाणी. तेवढ्यात म्हापशाच्या मित्राचा फोन आला, की गप्पींना पिल्लं झाली आहेत, चाळीस तरी असतील, ठेवायला जागा नाही.

मी हो म्हणालो नाही. तो म्हणाला, पिशवी बांधून ठेवतो.