आययूडी निसटलं, यात वहिनीचा काय दोष?

आज परळला वहिनीसोबत गायनॅककडे गेले होते. तिचं हार्मोनचं आययूडी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन, पाळीत आपोआप बाहेर पडलं. टिश्यूत गुंडाळून तिने ते सोबतच आणलं होतं. टी आकाराचं इवलंसं पांढरं प्लास्टिक, खाली लोंबणारे दोन दोरे.

"लोकलमध्ये धक्के खाते, पाण्याच्या बादल्या उचलते, त्यानेच झालं," हेच ती घोकत होती. आईनेही तिला तेच ऐकवलेलं.

डॉक्टर म्हणाल्या, अगं, लोकलचा काही संबंध नाही. साधारण वीसात एकीचं निसटतं, बहुतेकदा पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत. अंगावरून खूप जात असेल, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) किंवा अ‍ॅडिनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्या स्नायूत वाढणं) असेल, आधी एकदा निसटलं असेल, तर शक्यता वाढते. बाळंतपणानंतर लगेच बसवलं तरीही वाढते. वहिनीला फायब्रॉइड आहेत आणि रक्तस्रावही भरपूर. ज्या त्रासावर इलाज म्हणून ते बसवलं, त्याच त्रासामुळे ते निसटायची भीती जास्त! बसवताना हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग येतोय. दोन मिनिटं लागली असती. बिचारी उगाच स्वतःला दोष देत बसली.

मैत्रिणींनो, आययूडी असेल तर पाळी संपली की हात धुऊन, योनीत बोट घालून दोरे लागतात का बघा. लागत नसतील, तर तपासणी होईपर्यंत कंडोम वापरा. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर काढताना दोरा ओढला जाणार नाही, एवढं सांभाळा.

वहिनी दुसरं बसवायला तयार आहे. त्याआधी गुरुवारी सोनोग्राफी.