पाचवा झेंडा, आणि घोड्याच्या शेपटीचं काम

गेल्या रविवारी ओल्डेनबुर्गच्या झेंड्याची शेवटची कड दुमडून शिवली आणि चार झेंडे पूर्ण झाले. पाचवा, जर्मनीतल्या नीडरझाक्सन राज्याचा, आता रिंगवर ताणलाय. मुळात मला हा एकच शिवायचा होता. पण त्याचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की आधीचे चार हातून गेल्याशिवाय पाचवा असा का आहे, ते उमगणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात हनोवर, ब्राउनश्वाइग, ओल्डेनबुर्ग आणि शाउमबुर्ग-लिप्पे एकत्र करून १ नोव्हेंबर १९४६ पासून हे राज्य झालं. चौघांचेही आपापले जुने झेंडे. मी सगळे तीस बाय वीस सेंटिमीटरचे घेतलेत, म्हणजे शेजारीशेजारी टांगता येतील.

हनोवरचा वर पिवळा, खाली पांढरा. एकच सरळ शिवण, तरी सर्वांत जास्त उसवाउसव यानेच करायला लावली. ढालचिन्हांच्या विद्येत पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी. दोन्ही धातू शेजारी आले की लांबून एकमेकांत मिसळतात. आधी घेतलेला लिंबासारखा पिवळा गॅलरीतल्या उन्हात पार हरवला. मग हळदीच्या रंगाजवळचं कापड आणलं, तेव्हा कुठे दोन पट्टे दोन दिसले.

ओल्डेनबुर्गचं नेमकं उलट: निळ्यावर लाल क्रूस. धातूवर रंग किंवा रंगावर धातू असा जुना दंडक, आणि इथे सरळ रंगावर रंग. तरीही चौघांत मला हाच सर्वांत आवडतो. निळा गडद आणि लाल थोडा तेजस्वी घेतला की क्रूस छान उठून दिसतो. ब्राउनश्वाइगचा निळा-पिवळा आणि शाउमबुर्ग-लिप्पेचा पांढरा-लाल-निळा एकेका संध्याकाळीत झाले.

आता या चारांतला कोणता नव्या राज्यावर फडकवायचा? हनोवर सर्वांत मोठं. त्याचा पिवळा-पांढरा घेतला असता तर बाकीच्या तिघांना आपण गिळले गेलो असंच वाटलं असतं. शेवटी १३ ऑक्टोबर १९५२ च्या कायद्याने देशाचेच काळा-लाल-सोनेरी पट्टे घेतले आणि त्यांवर लाल ढालीतला पांढरा घोडा ठेवला. पट्टे देशाचे, घोडा घरचा. काही ध्वजप्रेमी याला आळशी रचना म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. जानेवारी १९७५ मध्ये, म्हणजे राज्य झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनीसुद्धा, ओल्डेनबुर्ग आणि शाउमबुर्ग-लिप्पेच्या मतदारांनी आपलं राज्य परत हवं असा कौल दिला होता. जर्मन संसदेने तो मानला नाही, ही गोष्ट वेगळी. अशा घरात सगळ्यांना चालेल असा झेंडा सापडणं हेच मोठं काम होतं.

घोडा मात्र फार जुना. वेल्फ या राजघराण्याकडे तो चौदाव्या शतकापासून आहे, आणि हनोवर व ब्राउनश्वाइग दोन्ही त्याच घराण्याची. आख्यायिका त्याला सॅक्सन सरदार विडुकिंडपर्यंत नेते: ७८५ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा काळा घोडा पांढरा झाला. १७१४ मध्ये हनोवरचा शासक पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर बसला, तेव्हा हा घोडा ब्रिटिश राजचिन्हात शिरला आणि १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी होईपर्यंत तिथे राहिला. म्हणजे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या राजाच्या ढालीत हाच घोडा होता. हे समजल्यावर मी सुई बाजूला ठेवून बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत बसलो होतो.

आता शेपटी. शेजारच्या नॉर्डराइन-वेस्टफालेन राज्याच्या ढालीतही लाल जमिनीवर पांढरा घोडा आहे, तो वेस्टफालेनचा. त्याची शेपटी वर जाते, नीडरझाक्सनच्या घोड्याची खाली येते. माझ्या पहिल्या कागदी साच्यात शेपटी वर गेली होती. कापड कापल्यावर ध्यानात आलं. तो तुकडा जपून ठेवलाय, वेस्टफालेनचा संच घेईन तेव्हा उपयोगी पडेल.

नव्या साच्यात शेपटी खाली आहे, पण पांढऱ्या पॉपलिनमधून ढालीचा लाल रंग गुलाबी झाक मारतो. म्हणून घोडा दुहेरी कापडाचा केलाय, आत पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर. कडेला दोन पदरी पांढऱ्या दोऱ्याने काज टाका. ढालीचं लाल आणि मधल्या पट्ट्याचं लाल एकजीव होऊ नये म्हणून ढालीलाही पांढरी बारीक कड देतोय. ती निम्मी झाली. पुढचे पाय उचललेले आहेत, तिथे खुरांचे कोपरे फार अरुंद येतात आणि कापडाचे धागे सुटतात. कोणी एवढ्या लहान आकारात हे काम केलं असेल तर कड आत दुमडली की उघडी ठेवून टाके घातले, तेवढं सांगा. मागचे दोन खूर मी त्यासाठी अजून शिवलेले नाहीत.